तरवडाला पाणी

खुरपं मुरमात घातलं आणि ते सहज आत गेलं. मुरमात खुरपं सहज जात नाही, भर एप्रिलात तर नाहीच. हाताला चिखल लागला. नाकाशी नेला तर कुजका वास. समोरचं तरवडाचं झाड पिवळं पडलं होतं. फुलांनी पिवळं व्हावं असं ते झाड, इथं पानांनी झालं होतं.

मागे साळवी उभे होते. कारखान्याचे युटिलिटी मॅनेजर, म्हणजे वीज, पाणी, बॉयलर सांभाळणारा माणूस.

"काय म्हणतात झाडं, मॅडम?"

"बुडालो म्हणतात."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते हसले आणि म्हणाले, "तुम्हाला तर खूश व्हायला पाहिजे. अख्ख्या तालुक्यात टँकर फिरतायत, आणि तुमच्या झाडांना रोज स्प्रिंकलर."

मी बागकामाची कंत्राटं घ्यायचे. शेतकी कॉलेजची पदवी, दौंड तालुक्यात कालव्याच्या पट्ट्यात छोटीशी नर्सरी, आणि रांजणगावच्या एमआयडीसीत दोन-तीन कारखान्यांची हिरवळ. दोन हजार तीनच्या आसपासची ही गोष्ट. या कारखान्याच्या मागच्या बाजूला एक मोठा उतार होता. माथ्यावर खडक, खालच्या अंगाला मुरूम, माती नावालाच. तिथं आधीच्या कंत्राटदारानं लॉन लावून पाहिलं होतं. ते उन्हाळ्यात जळायचं, मग विकतच्या टँकरनं जगवायचं, मग पुन्हा जळायचं. प्लँट हेड या प्रकाराला कंटाळले होते.

मी त्यांना तरवड सुचवला. तरवड म्हणजे आपल्या माळावर, रस्त्याकडेला दिसणारं पिवळ्या फुलांचं झुडूप. नवरात्रात देवीच्या घटाला याची माळ घालतात, तोच. शेळ्या-मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत. खत नको, फवारणी नको. पहिला उन्हाळा थोडं पाणी दिलं की पुढं त्याचं तो बघतो.

"अहो, हे तर कुठंही फुकट उगवतं," प्लँट हेड म्हणाले.

"म्हणूनच इथं उगवेल," मी म्हणाले.

पाणी लागणार नाही एवढं एकच त्यांनी ऐकलं आणि होकार दिला.

बी आम्ही कवठे येमाईच्या माळावरून गोळा केलं. माझ्याकडच्या बायांमध्ये तिथल्या एक मुक्ताबाई होत्या. धनगराचं घर, पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आता थोडी शेती आणि मोजकी मेंढरं. वय माझ्याहून जास्त, पण मला ताई म्हणायच्या. तरवडाच्या बियांचं कवच कडक असतं. गरम पाणी ओतून रात्रभर ठेवलं नाही तर ते उघडत नाही. रोप लहान असताना वर बोटभर दिसतं आणि खाली मूळ हातभर गेलेलं असतं. ते मूळ तुटलं की रोप गेलं. म्हणून पिशवीत फार दिवस ठेवता येत नाही आणि एकदा लावलं की हलवता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं इथंच अडलं.

खालच्या मुरमात लावणी सोपी गेली. माथ्यावर मात्र खडक होता. तिथं पहारीनं खड्डे काढले, आत बाहेरची माती भरली आणि रोपं लावली. दुसऱ्या वर्षी उतार फुलला. नवरात्राच्या आधी मुक्ताबाई आणि गावच्या बाया फुलं न्यायला आल्या तेव्हा सिक्युरिटीनं त्यांना गेटवर अडवलं. मी प्लँट हेडना भेटून परवानगी काढली. बायांनी ओटीत फुलं भरून नेली. बागकामात मला त्याहून मोठा आनंद कधी झालेला नाही, आणि हे मी न लाजता सांगते.

मग कारखाना वाढला. तिसरी शिफ्ट सुरू झाली, कँटीन मोठं झालं. सांडपाणी वाढलं म्हणून नवा एसटीपी बसला. एसटीपी म्हणजे संडास-बाथरूम आणि कँटीनचं पाणी साफ करणारा प्लँट. त्यातून निघणारं पाणी पिण्याजोगं नसतं, पण झाडांना चालतं. प्रदूषण मंडळाच्या परवानगीतली अट अशी, की हे पाणी कंपाउंडच्या बाहेर एक थेंबही जाता कामा नये. सगळं आतल्या झाडांवरच संपवायचं. पुढचं लॉन पिऊन पिऊन किती पिणार? उरलेलं मागच्या उतारावर. साळवींनी माझ्या गैरहजेरीत पाइप टाकून स्प्रिंकलर बसवले. मला कुणी विचारलं नाही. झाडाला पाणी द्यायला कुणी परवानगी मागतं का?

त्या एप्रिलातल्या दिवशी खुरपं टाकून मी तडक प्लँट हेडच्या केबिनमध्ये गेले.

"सर, स्प्रिंकलर बंद करा. तरवड मरतोय."

"पाण्यानं?"

"पाण्यानंच. मुळाशी सतत ओल राहिली की मुळं कुजतात. त्यात या पाण्यात क्षार आहेत. मुरमावर पांढरी पुटं धरलीत, बघा येऊन."

"मग पाणी कुठं सोडू?"

"गावाला द्या. बाहेर शेतं करपलीत. टँकरनं द्या, पाइपनं द्या."

"अट वाचलीय ना तुम्ही?"

"अट बदलून घ्या. नाहीतर संडासाच्या फ्लशला वापरा."

"त्याला वेगळी पाइपलाइन लागते. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये टाकू." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, पाणी बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल. आत राहिलं तर तुमची झाडं जातील. तुम्ही माझ्या जागी काय कराल?"

माणूस वाईट नव्हता. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

झाडं उपटून दुसरीकडं नेणं शक्य नव्हतं. तरवडाचं मूळ पाण्याच्या शोधात खडकाच्या फटीत खोल गेलं होतं आणि पाणी येत होतं वरून. मग मी हात-पाय मारायला सुरुवात केली. उतारावर आडवे चर काढले, म्हणजे पाणी मुळाशी न थांबता खालच्या कोपऱ्यात जाईल. कोपऱ्यात केळी आणि कर्दळ लावली, ती पाणी पितात. साळवींना विनवून उताराचा व्हॉल्व्ह दिवसाआड उघडायचं ठरवून घेतलं. ते चार दिवस टिकलं. टाकी भरत आली की ऑपरेटरची धांदल उडायची. पाणी बाहेर वाहिलं तर बोलणी त्याला बसणार. तो व्हॉल्व्ह उघडून मोकळा व्हायचा. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मे महिन्यात खालचा सगळा उतार गेला. चरांनी उपयोग झाला नाही. एकेक झाड आधी पिवळं, मग काळं. राहिली ती माथ्यावरची झाडं. तिथवर स्प्रिंकलरचा फवारा पोचत नव्हता. मी देवाला हात जोडले की एवढी तरी राहू देत. एवढी राहिली तर बी धरता येईल, आणि बी असेल तर आज ना उद्या दुसरा उतार मिळेल. माझ्याजवळ दाखवण्याजोगं तेवढंच उरलं होतं. मला दुसऱ्या एका साइटच्या कामानं पंधरवडाभर यायला जमलं नाही. जाताना मुक्ताबाईंना सांगून गेले, "वरच्या झाडांकडं लक्ष ठेवा हं."

परत आले तेव्हा माथ्यावरची झाडं पिवळी होती.

पहिला संशय ऑपरेटरवर. त्यानं पाइप वाढवला असणार. पण पाइप होता तिथंच होता. भोवतीचा खडक कोरडा आणि प्रत्येक झाडाभोवती मात्र गोल, नीट, हातानं केलेलं आळं. आळ्यात ओल. मी मुक्ताबाईंना हाक मारली. त्या बादली घेऊनच आल्या.

"मुक्ताबाई, हे पाणी कुणी घातलं?"

"म्या घातलं की ताई. तुम्ही लक्ष ठिवाया सांगितलं व्हतं. पानं गळाया लागली व्हती."

"उन्हाळ्यात तरवड पानं गाळतोच. तुमच्या माळावर गाळत नाही का?"

"गाळतो की. पर त्यो रानातला तरवड येगळा. ह्यो आपन लावल्याला हाय. लावल्याला पानी घालावं लागतं."

त्या पुढं बोलत राहिल्या.

"आन् ताई, टाकी रोज भरून वाहती. खाली मेल्याल्या झाडांवर पानी चाललंय. घरी मी दोन हंड्यांसाठी टँकरमागं पळती. मेंढरांना चाऱ्याच्या छावणीत घेत न्हाईत, त्यांना पाजायचं म्हंजी मोठं कोडं. हिथं मात्र पानी सोडून देत्यात. माझ्यानं बघवंना. म्हनलं, घरी न्हेऊ देत न्हाईत, तर निदान ह्या जित्या झाडांच्या तोंडी तरी पडू दे."

"रोज घातलंत?"

"सकाळ-सांज. एक दीस चुकवला न्हाई."

खालच्या उतारावर पाणी निदान वाहून तरी जात होतं. माथ्यावरचे खड्डे खडकात खोदलेले. त्यात पाणी मडक्यात राहावं तसं राहिलं. मुक्ताबाईंनी ज्या मायेनं पाणी घातलं, तितक्या मायेनं मी स्वतः कधी कुठल्या झाडाला घातलं नसेल. त्यांना काय बोलणार? मी तिथंच खडकावर बसले आणि रडले. कारखान्याच्या आवारात, हेल्मेट घालून, भरदुपारी.

"माझं काय चुकलं का ताई?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

पुढं त्यांना ते आपोआप कळलं. आम्ही दोघींनी मेलेली झाडं उपटली. ज्या झाडाला चार माणसांनी हलवलं तरी हलू नये, ते एका हातानं निघत होतं. मुळाची साल बोटांना लागून सुटायची. पाच-सहा झाडं काढल्यावर मुक्ताबाई थांबल्या, हातातलं मूळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माज्या पान्यानं गेली ही." मी नाही म्हणाले, एसटीपीचं नाव घेतलं, क्षारांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्या नवरात्रात त्यांनी घटाला झेंडूची माळ घातली असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. मी कारण विचारलं नाही.

उतार मोकळा झाल्यावर प्लँट हेडनी मला बोलावलं. त्यांना रोज भरपूर पाणी पिईल असं काहीतरी लावून हवं होतं. मी हत्तीगवत लावून दिलं. नाही म्हणायला हवं होतं का? मला बायांचे पगार द्यायचे होते. गवत पुरुषभर उंच झालं. मग हेड ऑफिसचे साहेब पाहणीला आले, उतार बघून म्हणाले, दुष्काळी भागात एवढं हिरवं ठेवणं सोपं नाही. प्लँट हेडनी माझ्याकडं पाहिलं नाही. मुक्ताबाई त्या वेळी गवतातच होत्या, पाइप सरकवत. संध्याकाळी कंपनीच्या गेटबाहेर जीप पकडून त्या गावी जायच्या आणि तिथं टँकरची वाट बघायच्या.

कमी पाण्याचं झाड लावलं की दुष्काळाला उत्तर मिळालं, असं मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मीही इतरांना तेच सांगत आले. आता नव्या कारखान्यात गेले की पाणी किती आहे असं मी विचारत नाही. किती संपवायचंय, असं विचारते. उत्तर ऐकून बहुतेक ठिकाणी तरवडाचं नाव काढत नाही.