मऊ ब्रश नको

पनवेलच्या तिसऱ्या दुकानातही तेच. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा दाढीचा ब्रश माझ्या तळहातावर फिरवत दुकानदार म्हणाला, "बघा ताई, एकदम सॉफ्ट!" माझं डोकंच फिरलं.

असाच ब्रश मी बाबांना आणला होता. उजवा हात लुळा पडल्यावर ते डाव्या हाताने थेट गालावर फेस करू बघत होते. केस आडवे पडायचे, साबणाचं पाणी मानेवर ओघळायचं. "ब्रश आणलास की मोरपीस?" ते ओरडले. मी मदतीला गेले, तर म्हणाले, "हात लावू नकोस. दाढी माझी आहे."

तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला. आता नवऱ्याचा हात थरथरतो, आणि तोही ब्रश माझ्या हातात देत नाही.

"सॉफ्ट नको," मी म्हटलं. "गालावर दाबला तरी ताठ राहील असा दाखवा."