जागल्या आणि म्हाताऱ्या डॉक्टरची नवी आवृत्ती

लिनक्सची पॅकेजं सांभाळणं हा माझा उद्योग. दुसऱ्यांनी लिहिलेले मोफत प्रोग्राम घ्यायचे, तपासायचे आणि लोकांच्या कॉम्प्युटरवर नीट बसतील असे बांधून द्यायचे. तळोद्यात हे समजावत बसण्यापेक्षा ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून मोकळं होणं बरं. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की कळावं म्हणून मी एक बॉट लावलाय. त्याला मी जागल्या म्हणते. तो रोज सकाळी लेखकाच्या वेबसाइटवर डोकावतो आणि बहुतेकदा एवढंच कळवतो: नवीन काही नाही.

माझी मोठी बहीण नर्स. जीपने डोंगरातल्या गावांत जाऊन मुलांना तपासते. मुलाच्या वजनावरून औषध किती द्यायचं ते सांगणारा, नेटशिवाय चालणारा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर मीच बसवलेला. तो लिहिणारा दूरदेशीचा एक म्हातारा डॉक्टर. त्याच्याबद्दल जागल्या बराच काळ ‘नवीन काही नाही’ म्हणत होता आणि मी ते ‘सगळं बरं आहे’ असं वाचत होते.

त्या सकाळी मात्र त्याने कळवलं, नवी आवृत्ती आली. मी खुर्चीतच नाचले! बहीण लॅपटॉप घेऊन दारात उभी, स्टँडवर जीप भरत आलेली.

“नवं येयेल शे तं टाकी दे ना. इतला काय इचार करी ऱ्हायनी?”

“पहिले वाचू दे, ताई. न वाचता मी कोनलेच देत नही.”

“जीप निंघी जाई, मंग वाचत बस.”

मी नव्या आवृत्तीचा कोड वाचायला लागले. नाव तेच, चिन्ह तेच, पण औषधांचा सगळा भाग गायब. त्याच्या जागी, टाइप केलेला प्रत्येक शब्द भलतीकडे पाठवणारा कोड. मला खरंच वाटेना. धडपडत शोधलं तेव्हा एका चर्चागटात डॉक्टरच्या मुलीने लिहिलेल्या दोन ओळी सापडल्या. बाबा गेले. तेही गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात! वेबसाइटच्या पत्त्याचे पैसे पुढे कुणी भरले नाहीत, तो सुटला आणि कुणा भामट्याने उचलला. म्हणजे जागल्या बिचारा मेलेल्या माणसाच्या दारात उभा राहून रोज मला सांगत होता, नवीन काही नाही.

“व माय!” सगळं ऐकून बहिणीने ती जीप सोडून दिली. “त्यानावरच तं मी पोरेसले दवाई देस. मंग आते त्या प्रोग्रामले कोन पाही?”

जुनी आवृत्ती तिच्याकडे होतीच, ती धडधाकट होती. तीच घेऊन बहीण पुढच्या जीपने गेली. माझ्याकडचा डॉक्टरचा मूळ कोड मी माझ्या वेबसाइटवर ठेवला आणि जागल्याला तिथे बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कळवलं: नवीन काही नाही. मी त्या ओळीकडे बघतच राहिले. आता ती माझ्याबद्दल होती. घाबरून बहिणीला फोन लावला.

“माले काही व्हयनं तं हाऊ प्रोग्राम वापरनारा लोकेसले तू सांगजो,” मी म्हटलं. “जागल्याले ते समजाव नही.”