ओनर राहत नाहीत

मारुती घाटगे कुणाच्याही घरात पाठमोरा शिरायचा. काठीला लावलेला मोबाइल तोंडासमोर, तोंडावर पसरलेलं हसू आणि पाय मागे मागे. उंबऱ्याला ठेच लागली तरी हसू हलायचं नाही. माझ्या राजाजीनगरच्या घरी तो पहिल्यांदा आला तोही असाच, फाटकातून मागे सरकत, आणि थेट मी अंगणात वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर उभा राहिला. "वेलकम टू युवर ड्रीम होम," असं तो मोबाइलला सांगत होता आणि पायाखाली माझी दोन दिवसांची मेहनत कडाकडा मोडत होती. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे हो अक्का, सौंड चांगला आलाय. वाळकी पानं तुडवल्यागत वाटालंय."

भाड्याच्या घरांचे व्हिडिओ काढून ते मोबाइलवर टाकायचे, हा त्याचा धंदा. बेंगळुरात आता फाटकाला पाटी अडकवून भाडेकरू मिळत नाहीत म्हणे; घराचा सिनेमा काढावा लागतो. हा मूळचा निपाणीकडचा, आधी यशवंतपूरच्या मंडईत कांद्याच्या दलालाकडे कामाला होता. पोत्यात वर चार टपोरे कांदे ठेवून खाली कसलेही भरायचे, हे तो तिथे शिकला आणि तेवढ्याच विद्येवर घरांच्या धंद्यात उतरला. त्याच्या स्कूटरच्या डिकीत प्लास्टिकची हिरवी सफरचंदं असायची. प्रत्येक घराच्या ओट्यावर तीच सफरचंदं. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून तो असा उकिडवा बसायचा की आमची दहा बाय बाराची खोली मंगल कार्यालयाएवढी दिसावी. भर दुपारी सगळे दिवे लावायचा. वर मलाच शिकवायचा, "अक्का, घर बघायचं नसतंय, दाखवायचं असतंय."

असल्या माणसाला मी दारात का उभं केलं, ते सांगायला हवं. हे गेल्यानंतर खाली मी एकटी आणि वरचा मजला रिकामा. उन्हाळ्यात मी न्हाणीघरात घसरून पडले आणि दोन तास तशीच पडून राहिले. वर कुणी असतं तर हाक ऐकू गेली असती. शेवटी शेजारच्या शैलजाक्का कढीपत्ता मागायला आल्या म्हणून सुटका झाली. पुण्याहून माझी लेक अनघा धावत आली आणि जाताना बजावून गेली, "दसऱ्यापर्यंत वर माणसं आली तर राहा. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं." लेक चांगली आहे, जावईही भला आहे. पण मी चामराजपेटेत जन्मले आणि लग्नानंतर चाळीसहून जास्त वर्षं या घरात राहिले. मला माझ्या घरातच मरायचं होतं. त्यासाठी डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजायला हवी होती.

हे मी मारुतीला नीट समजावून सांगितलं. त्याने "सरी अक्का, सरी" म्हणत मान हलवली आणि पहिलं काम काय केलं, तर अनघाचा फोन नंबर मागून घेतला. "ओनर म्हातारी असली की डिसिजन पोरं घेतात," असं माझ्याच तोंडावर म्हणाला. प्रत्येक व्हिडिओ आधी मालकाच्या मुलांना पाठवायचा, मग टाकायचा, अशी त्याची पद्धत. कुणाची मुलं अमेरिकेत, कुणाची पुण्यात. मुलांनी मोबाइलवर होकाराचा अंगठा पाठवला की झालं. म्हातारी माणसं त्याच्या लेखी घराबरोबर आलेलं जुनं कपाट.

मग शूटिंग सुरू झालं. "कावेरी वॉटर, ट्वेंटी फोर अवर्स," तो नळ सोडून म्हणाला. मी मागून म्हणाले, "एक दिवसाआड." त्याने परत सुरुवात केली. "पीसफुल लोकॅलिटी." मी म्हणाले, "मागे लग्नाचं कल्याणमंटप आहे, मुहूर्ताला पहाटे पाचपासून नादस्वरम वाजतं." तिसऱ्यांदा त्याने मोबाइल खाली घेतला आणि हात जोडले. "अक्का, तुम्ही स्वल्प देवळात जाऊन या बघू." मीही मूर्ख, गेले. मारुतीला नमस्कार करून आले, देवळातल्या मारुतीला.

दोन दिवसांनी शैलजाक्कांनी आपल्या मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. माझं घर मलाच ओळखू येईना. शेवटी तो दात काढून सांगत होता, "अँड बेस्ट पार्ट, ओनर राहत नाहीत! फुल प्रायव्हसी!" भाडेकरूंना मालक त्याच इमारतीत नको असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या म्हातारीला सोबत हवी म्हणून भाडेकरू शोधायचा, तिलाच पुसून टाकायचं? मी फोन करून त्याला झाडला. त्याचा आवाज जराही खाली आला नाही. "खोटं कुठं बोललो, अक्का? त्या टायमाला तुम्ही देवळातच होता की."

लोक मात्र रांगेने येऊ लागले. तरुण जोडपी यायची, वर जाऊन खूश व्हायची, आणि खाली मला खुर्चीत बसलेली पाहून विचारायची, "आंटी, तुम्हीपण घर बघायला आलात?" मी मालकीण म्हटलं की चेहरे पडायचे. एक मुलगी तर माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाली, "व्हिडिओत ही नव्हती." गणपती झाले, पितृपक्ष लागला. पंधरवड्यात घर बघायलाही कुणी येईना. दसरा समोर दिसत होता आणि मला खरोखर भीती वाटू लागली.

शेवटी मी मारुतीला बोलावलं आणि म्हटलं, "आता दुसरा व्हिडिओ काढायचा. मी बोलणार. तू गप्प राहायचं." तो हसला. "ओनर दाखवून घर जातंय होय अक्का? कांद्याच्या पोत्यावर कुणी सडका कांदा ठेवतंय?" मला सडका कांदा म्हणाला! मी माझी चालायची काठी उचलली तेव्हा कुठे त्याने मोबाइल सुरू केला. मी पायरीवर बसले आणि सांगितलं की मी या घराची मालकीण, खालीच राहते. पाणी एक दिवसाआड येतं, स्वयंपाकघराची खिडकी पावसाळ्यात फुगते, वाजंत्री पहाटे उठवते. आणि मी दोनदा पडले आहे, एकदा न्हाणीघरात, एकदा श्रावणात याच पायरीवर. वर पावलांचा आवाज असला की मला धीर येईल. मी काठीने छत ठोकलं तर खाली येऊन बघा, याहून जास्त मला काही नको.

मारुतीने मोबाइल काढून खिशात घातला. मग म्हणाला, "अक्का, हे मी असं टाकणार नाही. एकटी बाई हाय, पडतीय, हे साऱ्या जगाला सांगायचं नसतंय. कोण कसला येईल." त्या माणसाच्या तोंडून निघालेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं ते. तो गेला आणि मला वाटलं, विषय संपला.

पण पद्धत म्हणजे पद्धत. जगाला दाखवला नाही, पण व्हिडिओ अनघाला पाठवला. श्रावणातलं पडणं मी तिच्यापासून लपवलं होतं. पायरीजवळच्या नळाला धरून उठले होते, गुडघ्याला हळद लावली होती आणि त्या संध्याकाळी फोनवर तिला "मी ठणठणीत आहे" म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी अनघा दारात. ओरडली असती तर मी भांडले असते. ती माझ्याजवळ बसली, लुगडं जरा वर सारून गुडघा बघितला आणि म्हणाली, "आई, मला का नाही सांगितलंस?" दसऱ्याची वाट तिने पाहिली नाही, सामान बांधायला घेतलं, आणि मला तोंड उरलं नाही.

निघताना मारुती फाटकाशी आला. त्या दिवशी तो सरळ चालत आला, हात रिकामे. मी त्याला नाही नाही ते बोलले. आगलाव्या म्हणाले, कांदेवाला म्हणाले. तो खाली बघत राहिला. "अनघा मॅडम रडल्या हो फोनवर," एवढंच म्हणाला. "मला वाटलं, आता त्या तुमच्यासाठी भाडेकरू मनापासून बघतील." गाडी वळेपर्यंत तो तिथेच उभा होता. मी मागे वळून पाहिलं ते घरासाठी, त्याच्यासाठी नाही.

पुण्यात माझं सगळं नीट चाललं आहे. अकराव्या मजल्यावरून डोंगर दिसतो आणि संध्याकाळी नातू बुद्धिबळात मला हरवतो. खालचं घर माझ्या सामानासकट कुलपात आहे, किल्ली अनघाने मारुतीकडेच ठेवली. दिवाळीनंतर त्याचा एक व्हिडिओ आला. त्यात तो कुठेच नव्हता, सफरचंदं नव्हती, दिवेही लावलेले नव्हते. माझ्या खालच्या खोलीचं छत होतं, कडेची जळमटंसुद्धा दिसत होती. आणि छतावरून दुडदुड पावलं पळत होती, इकडून तिकडे, मध्येच धप्पकन कुणीतरी पडत होतं, मग मोठी पावलं धावत येत होती. शेवटी त्याचा आवाज आला, अगदी हळू. "अक्का, वर माणसं आलीत. दोन पोरं हायत. खाली सगळं ऐकू येतंय."

मला त्याचा असा संताप आला की मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला.