पलीकडचा हातोडा

दुपारचं जेवून मी दादाच्या अंगणात, गाडीच्या सावलीत आडवा होतो. पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि उठून पुन्हा ठोकायला लागायचं, एवढाच बेत आहे. तीन दिवस झाले, पुढच्या चाकामागचा बॉल जॉइंट सुटत नाहीये. नट सैल केला, तेल पाजलं, शिव्याही देऊन झाल्या. तो ढिम्म. आत गौरावहिनी भांडी घासतायत. तो आवाज लांब जात जात थांबतो.

"मल्लू, नट पुरता काढलास काय रं?"

जॉइंटच्या पलीकडे बसवंतदादा बसलाय. आमच्यात मेलेल्याला बसवूनच पुरतात. आठ महिन्यांपूर्वी खड्ड्यात बसवला तसाच तो मांडी घालून ताठ बसलाय. कपाळावर विभूती, खांद्यावर माती, डाव्या हातात हातोडा. दादा डावखुरा.

"नाही, चार आटे ठेवलेत."

"ब्येस. न्हाईतर एकदम सुटून तोंडावर येतंय."

मला हसू येतं आणि लगेच स्वतःची लाज वाटते. त्यानं फोन केला होता. जॉइंट ज्या लोखंडात रुतलाय त्याला दोन्ही अंगांनी एकदम ठोकावं लागतं, एकट्याला जमत नाही, येतोस काय? मी म्हणालो, रविवारी येतो. रविवारी मॅच बघत लोळत पडलो. सोमवारी तो एकटाच ठोकायला बसला आणि जॅक घसरला. त्या फोनचं मी अजून वहिनींना सांगितलेलं नाही. गाडी तेवढी डोळ्यांपुढून हलवा, एवढंच त्या मला म्हणाल्या. जॉइंट बदलून दादानं काढलेलं चाक बसवल्याशिवाय ती ढकलताही येत नाही.

"हाण," दादा म्हणतो.

आम्ही हाणतो. गाडी आता आईच्या जुन्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी उभी आहे. आई भाकरी थापता थापता परात सरकवून आम्हाला जागा करते. दोन हातोडे पडतात, एकामागून एक.

"तुझा हात मागनं पडतोय."

"दादा, मी यायला पाहिजे होतं."

"डोकं नगं खाऊस. माझ्यासंगं हाण."

आता सरकारी दवाखान्याचा व्हरांडा आहे. बाकावरची माणसं पाय वर घेऊन बसलीत. मी जीव खाऊन हाणतो. पुन्हा उशीर. पुन्हा हाणतो. पुन्हा उशीर.

"वहिनींना सांगू?"

दादा जॉइंटकडेच बघतो. "सांगून मी उठणार हाय?"

मला रडू फुटतं. नाक पुसत हाणतो, पण दोघांचे हात एका वेळी पडतच नाहीत. दादा हातोडा खाली ठेवतो, गुडघ्यांवरची माती झटकतो.

"थांब की दादा, अजून एकदा!"

"आता न्हाई," तो म्हणतो. रागानं नाही, मी फोनवर म्हणालो होतो तसंच, सहज. "रविवारी येतो."

डोळे उघडतात तेव्हा ऊन माझ्या पायांवर आलंय. मी उठून गाडीला वळसा घालतो. पलीकडच्या बाजूला तीन दिवसांत मी फिरकलोसुद्धा नाही, तिथंच तो सापडला होता. आज वाकून बघतो. जॉइंट जिथल्या तिथं आहे. पण या अंगाच्या गंजावर हातोड्याचे ताजे घाव आहेत, आतलं लोखंड चकचकीत दिसतंय.

वहिनी चहा घेऊन मागं उभ्या आहेत.

"सुटलं काय भावजी?"

"नाही."

"कुणालातर बोलवून घ्या की जोडीला. एकट्याचं काम न्हाई ते." त्या कप चौथऱ्यावर ठेवतात. "ह्यांनी तवा कुणाला बोलावलं असतं तर..."

मी अंगठा त्या घावावर दाबून धरतो. तो अजून गरम आहे.