फोंतेलूपाच्या माउलीची वस्त्रं

फोंतेलूपाची अख्खी वाडी विकायला काढली आहे, हे तिथे एकट्याच उरलेल्या झेलिंदाला दलालाच्या तोंडून कळलं. मालक मिलानला. त्याच्या आजोबांची जमीन झेलिंदाच्या सासऱ्याने जन्मभर अर्धेलीने कसली, पण मालकाला साधा निरोप धाडावासा वाटला नाही. दलाल रुज्जेरो फोटो काढायला आला. त्याने आधी दोरीवरचे कपडे काढायला लावले, मग कोंबड्या कोंडायला, आणि शेवटी तिलाच जरा आत व्हायला सांगितलं. जाहिरातीत वाडी तीस वर्षं निर्मनुष्य होती.

"मग मी कोण, भूत?"

"राग मानू नका, आजी. रिकामी वाडी लवकर खपते."

घर तिचं नव्हतंच. खालच्या गावात भाचीने तिच्यासाठी खोली झाडून ठेवली होती. पण विक्रीच्या यादीत वाडीचं छोटं प्रार्थनाघर, चॅपेलही होतं, 'आतील पुरातन मूर्तीसह'. वाडी घेऊ पाहणारं गिऱ्हाईक तिथे हॉटेलच्या पाहुण्यांना तेलमालिश करवणार म्हणे. हे ऐकून झेलिंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चॅपेलची किल्ली बेचाळीस वर्षं तिच्या कमरेला होती. मरियामाउलीला वस्त्रं नेसवायची ती वाडीतल्या बायकांनीच, पडदा ओढून. पुरुषाची नजर पडता कामा नये, अगदी पाद्रीबाबांचीसुद्धा. वाडीत लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई आपल्या लग्नाच्या पोशाखातला तुकडा माउलीला द्यायची. झग्याच्या बाह्या झेलिंदाच्या होत्या, झालर तिच्या सासूची.

माउलीला तरी आमच्याकडे राहू द्या, असं तिने मालकाला पत्र घातलं. उत्तर रुज्जेरोने आणलं: भिंतींच्या आत मालकाचं जे आहे, ते सगळं विकलं जाईल.

मालकाचं जे आहे ते. झेलिंदाने ते शब्द दोनदा वाचायला लावले. मग खालच्या गावातून ओत्ताविनाला बोलावलं. तीही याच वाडीची सून. दोघींनी पडदा ओढला, जपमाळ म्हटली, वस्त्रं उतरवली आणि लॅव्हेंडर घालून उशीच्या अभ्र्यात ठेवली. माउलीला तसंच ठेवून निघताना ओत्ताविनाला रडू फुटलं. झेलिंदा रडली नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक जोडपं आलं. रुज्जेरोने मोठ्या थाटात पडदा सारला. वर शांत लाकडी चेहरा, दोन नाजूक हात, आणि खाली खिळ्यांनी ठोकलेल्या चार काठ्या. झग्याखाली अंग कोरलेलंच नव्हतं. हे बायकांना ठाऊक होतं. मालकाच्या घराण्यात कुणा पुरुषाने कधी पाहिलंच नव्हतं. गिऱ्हाईकाची बायको हसली आणि म्हणाली, हे बुजगावणं आधी इथून हलवा.

रुज्जेरो तणतणत अंगणात आला. झेलिंदा शेंगा सोलत होती.

"कपडे चोरलेत तुम्ही!"

"बाह्या माझ्या, झालर माझ्या सासूची. तुझ्या मालकाच्या काठ्या जागेवर आहेत ना? मोजून घे."

"मग न्या ते लाकूड. आजच्या आज."

"कागदावर लिहून दे, बाळा. सहीनिशी."

त्याने दिलं. चॅपेलची किल्ली तिने दारालाच लावून ठेवली. आत राखण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. माउली चादरीत गुंडाळून, भाचीच्या गाडीत झेलिंदाच्या मांडीवर बसून खालच्या गावच्या चर्चमध्ये आली. पाद्रीबाबांनी कोपऱ्यातली वेदी दिली आणि न सांगताच बाहेर जाऊन उभे राहिले. पडद्याआड ओत्ताविना म्हणाली, "आली ना माउली आपल्याकडे? मग अजून तोंड का फुगलंय?"

झेलिंदा बाही चढवत होती. "या काठ्यांपुढे आपल्या सात पिढ्या गुडघे टेकून रडल्या. त्या गिऱ्हाइकाच्या बायकोला बुजगावणं दिसलं." तिने हात पुढे केला. "दे ती सुई. झालर उसवलीय."