अण्णांच्या तेराव्याचा मठ्ठा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा संपेपर्यंत सांगून टाकतो. नंतर मला मास्तर म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

मी बुऱ्हाणपुरात बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. आम्ल, क्षार, कुठला धातू कशात विरघळतो, सगळं तोंडपाठ. आणि याच माणसानं सख्ख्या बापाच्या तेराव्याला एकोणीस माणसं दवाखान्यात घातली.

झालं असं. अण्णा गेले. आमचं घर दापोऱ्याला, केळीची शेती धाकटा भाऊ प्रमोद पाहतो. तेरावं तिथंच करायचं ठरलं. उन्हाळा असा, की माणसं जेवणार कमी आणि ताक पिणार जास्त. म्हणून प्रमोदच्या बायकोनं, मंदानं, घरच्या म्हशींचं दूध साठवून दही लावलं. प्रमोदनं मठ्ठ्यासाठी प्लास्टिकचा ड्रम आणून ठेवला.

मला ते रुचलं नाही. "अण्णांच्या तेराव्याला प्लास्टिक? त्यांचा पितळी हंडा आहे ना माळ्यावर?"

"दादा, कित्येक वर्षांत तो कुणी वापरला नाही. कसा असेल कोण जाणे."

"मी बघतो."

आणि मी बघितलं. हंडा बाहेरून हिरवट झाला होता, आतून राखाडी, मळकट. बाथरूम धुवायचं ॲसिड घेतलं, तारेचा ब्रश घेतला आणि अंगणात बसून दोन तास घासत राहिलो. बाहेरून घासला, आतून त्याहून जास्त. आतला तो राखाडी थर इतका चिवट, की निघता निघेना. पण मीही अण्णांचाच मुलगा. शेवटी हंडा आतूनही पिवळाधमक झाला. ॲसिडचा अंश राहू नये म्हणून खायच्या सोड्यानं धुतला. बायको चहा घेऊन आली, तर सोड्यानं ॲसिड कसं मारलं जातं ते तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "चहा गार होतोय."

संध्याकाळी मंदानं ताक घुसळलं. स्टीलच्या भांड्यांतून ते हंड्यात ओतलं मी, माझ्या हातानं. रात्रभर आंबू नये, हवा लागावी, म्हणून झाकण न ठेवता वर पातळ फडकं बांधलं. सकाळी त्यात वाटलेली कोथिंबीर, पुदिना आणि भाजलेलं जिरं घातलं. मठ्ठा हिरवट दिसत होता. कोथिंबीर घातल्यावर हिरवट दिसणारच, नाही का?

दुपारी पहिली पंगत बसली. एका पाहुण्यांनी घोट घेतला आणि हळूच म्हणाले, "कडवट लागतोय थोडा."

"जिरं करपलं असेल," मी म्हणालो. जिरं मंदानं भाजलं होतं.

लोक तेराव्याला आलेले. तिथं अन्नाला नाव कोण ठेवणार? बिचारे निमूट प्यायले.

अर्ध्या तासात एक जण तोंड दाबून केळीच्या बागेकडे पळाला. मग दुसरा. मग तर बसल्या जागीच सुरू झालं. अण्णांची मोठी बहीण, धूलकोटची आमची आत्या, ऐंशीच्या पुढची. ती ओट्याला टेकून बसली होती, ती आडवीच झाली. ओठ पांढरेफटक.

प्रमोदनं पिकअप काढली आणि माणसं उचलून आत घालायला लागला. आणि मी? मी शास्त्रीय चौकशी सुरू केली. वरण-भात मीही खाल्ला होता, मला काही झालं नव्हतं. मठ्ठा मी प्यायलो नव्हतो. म्हणजे दोष मठ्ठ्याचा. मठ्ठा म्हणजे दही, आणि दही म्हणजे मंदा.

सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "मंदा, नासलेल्या दुधाचं दही लावलंस तू."

"नाही, भाऊजी. घुसळायच्या आधी मी चाखून पाहिलं होतं."

"मग ही माणसं काय हौस म्हणून ओकतायत?"

ती हंड्यापाशी गेली, पेला भरला आणि माझ्याकडे बघत सगळा प्यायली. मग दुसरा भरला. तोंड कडू झालेलं दिसत होतं, पण तोही संपवला. पिकअपच्या दुसऱ्या खेपेत तीही होती.

गाडीत बसताना प्रमोद मला इतकंच म्हणाला, "दादा, हिला काही झालं तर माझ्या दारात येऊ नकोस."

दवाखान्यातला डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं सगळ्यांना सलाइन लावलं आणि मला बाजूला घेतलं.

"सर, खाना खराब होता तो इतनी जल्दी उल्टियाँ नहीं होतीं। मठा किस बर्तन में था?"

"पीतल के हंडे में। पर मैंने खुद साफ किया था, ॲसिड से। अंदर जो मैल जमा था, वो भी..."

बोलता बोलताच लक्षात आलं. तो मळ नव्हता हो. ती कल्हई होती. आंबट पदार्थाचा पितळेला स्पर्श होऊ नये म्हणून आतून दिलेला कथिलाचा थर. तो मी दोन तास मेहनत करून खरवडून काढला. आंबट ताकाला नुसती हवा लागली, की पितळेतलं तांबं त्यात हळूहळू उतरतं. ती हवा मिळायचीही सोय मीच करून ठेवली होती. दरवर्षी दहावीला हेच तर शिकवतो.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, आप बैठ जाइए।"

संध्याकाळी मंदाच्या खाटेपाशी गेलो. माफी चारचौघांत मागायला हवी होती, पण त्यासाठी माणसं जमवावी लागली नाहीत. ज्यांच्यासमोर तिला बोललो होतो, त्यातले निम्मे त्याच वॉर्डात होते.

"मंदा, दही चांगलं होतं. भांडं मी बिघडवलं."

"दही चांगलं होतं ते मला माहीतच होतं, भाऊजी," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. प्रमोदनं माझ्याशी महिनाभर अबोला धरला.

बाकीचे सावरले, पण आत्याचं दोन दिवस काही खरं नव्हतं. ते दोन दिवस मी तिच्या पायथ्याशी बसून काढले. डोळे मिटले की अण्णा दिसायचे.

तिसऱ्या दिवशी आत्यानं डोळे उघडले आणि चहा मागितला. मी तिचे पाय धरले.

"आत्या, चूक माझी आहे. हंड्याची कल्हई मीच काढून टाकली."

"माहीत आहे मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पंगतीला बसायच्या आधी मी हंड्यात डोकावले होते. मठ्ठ्याच्या वर, काठाशी आतून नुसतं पिवळं पितळ. कल्हई दिसलीच नाही."

"मग प्यायलीस कशाला?"

आत्यानं चहा फुंकला, एक घोट घेतला.

"म्हटलं, आपला पोरगा हाच विषय शिकवतो शाळेत. त्याले आपण काय सांगावं?"