त्या गाडीनं कुंदाताईंना मारलं नाही

ओरछ्याहून फोन आला तेव्हा मी ग्वाल्हेरला, माधवगंजच्या घरात कपडे वाळत घालत होते. नदीकाठच्या धर्मशाळेतले व्यवस्थापक बोलत होते. "दीदी कुर्सी पर बैठी थीं... हमने आवाज़ दी, उठी नहीं." कुंदाताई, माझ्या यजमानांची थोरली बहीण, सकाळचा चहा करून, आपल्या व्हॅनचं दार उघडं ठेवून बेतवेकडे तोंड करून बसल्या होत्या. तिथेच त्यांचं हृदय थांबलं. अर्धा कप चहा प्यायलेला होता, अर्धा राहिला होता.

याला आता कित्येक आठवडे झाले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतं, "घरी असत्या तर वाचल्या असत्या." माझे मोठे दीर अण्णा त्याच्याही पुढे जातात. "त्या डब्यानं मारलं तिला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. समोर पाहुणे असतात म्हणून मी गप्प बसते. इथे मात्र लिहिते. माझ्या सासूबाई याच घरात गेल्या, दोन्ही मुलगे शेजारच्या खोलीत असताना. तेव्हा कुणी म्हटलं नाही की घरानं मारलं.

कुंदाताई मुलींच्या सरकारी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. लग्न केलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा शाळा सांभाळून त्यांचं सगळं ताईंनीच केलं. सासूबाई गेल्या, पाठोपाठ ताई निवृत्त झाल्या, आणि अण्णांनी परस्पर ठरवून टाकलं की आता मागच्या खोलीत देव आणि भावाची नातवंडं हे त्यांचं काम. ताईंनी ऐकून घेतलं. मग एके दिवशी जेवताना म्हणाल्या, "शाळेची जुनी व्हॅन घेतेय मी. भंगारात काढून राहिलेत ते."

ती व्हॅन मी पाहिली होती. तिच्यातूनच ताई मुलींना कबड्डीच्या सामन्यांना न्यायच्या. आता ती शाळेच्या मागे कडुनिंबाखाली चाकं जमिनीत रुतवून उभी होती. तळाचा पत्रा इतका गंजलेला, की आत पाय ठेवला तर खालचं गवत दिसायचं. "हिचं करणार काय?" अण्णांनी विचारलं. "राहणार. फिरणार. हॉटेलात उतरायची माझी ऐपत नाही अन् नातेवाइकांकडे उतरायची हौस नाही."

आमच्या गल्लीत ती गाडी शिरणारीच नव्हती. अण्णांना वाटलं, प्रश्न मिटला. ताई म्हणाल्या, "गाडी गल्लीत येत नाही, तर मी गल्लीबाहेर जाते." आणि शहरातच थाटीपुरला, पुढे मोकळं अंगण असलेल्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन खरंच गेल्या.

पुढचे कितीतरी महिने त्या अंगणात तारेच्या ब्रशची खरखर चालू होती. इंजिन गॅरेजवाल्यांनी बांधून दिलं, पत्र्याचं वेल्डिंग बाहेरून करून घेतलं. बाकी सगळं ताईंनी स्वतः केलं. गंज खरवडला, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला. बोटं सोलून निघायची. जुनी बाकं काढून त्यांच्याच लोखंडाची एक पलंगपेटी केली, खाली सामान, वर गादी. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी आणि सासूबाईंच्या सुती लुगड्यांचे पडदे. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पत्रा तव्यासारखा तापणार, म्हणून छताला आतून थर्माकोल आणि बाहेरून पांढरा रंग. खालचा पिवळा मात्र तसाच ठेवला. "शाळेचा रंग आहे," म्हणाल्या, "लोक आपोआप बाजूला होतात." आमचे लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे आणि हसून जायचे. ताई त्यांच्या हातात ब्रश द्यायच्या. हसणारे लवकर उठायचे.

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले ती पडावलीच्या बाजूला. लग्न आणि दवाखाना सोडून मी घराबाहेर कधी झोपलेच नव्हते. एका गावाच्या कडेला, सरपंचांना विचारून, गाडी लावली. ताईंनी छोट्या शेगडीवर खिचडी टाकली. इतक्यात मोटरसायकलवरून एक हवालदार आला. आत डोकावला, आमच्याकडे पाहिलं. "अकेली औरतें? साथ में कौन है?"

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मेरे साथ ये हैं."

"और इनके साथ?"

"इनके साथ मैं हूँ. अकेले तो आप हैं, भैया. खिचडी खाओगे?"

तो खिचडी खाऊन गेला. जाताना गावातल्या दोघांना बजावून गेला, दीदी लोगों का ध्यान रखना. मी आयुष्यात इतकी गाढ कधी झोपले नव्हते.

मग दुखणं आलं. ताईंच्या छातीत कळ आली, दवाखान्यात ठेवावं लागलं. मी त्यांचे कपडे आणायला थाटीपुरला गेले, तर अंगणात अण्णा, आणि त्यांच्यासोबत एक भंगारवाला, साखळ्या घेऊन. "ती घरी यायच्या आत ही ब्याद जाऊ दे," अण्णा म्हणाले, "तिच्या भल्यासाठीच सांगून राहिलोय." सुनेनं दिरासमोर आवाज चढवायचा नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी आवाज चढवला नाही. गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि काच वर केली. गाडी मला चालवता येत नव्हती, पण बसता येत होतं. अण्णा बाहेरून बोलत राहिले. भंगारवाला कंटाळून साखळ्या उचलून गेला, मग अण्णाही गेले.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या दवाखान्याच्या खाटेवर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "त्या जागेवर बसलीस ना? आता शिकून घे."

ग्वाल्हेरचा दरवर्षीचा मेळा संपून मैदान रिकामं झालं होतं. तिथे त्यांनी मला गाडी शिकवली. त्या शेजारी बसायच्या, औषधाची डबी मांडीवर. क्लच सोडताना मी दचकले की ओरडायच्या, "सुधा, घाबरायचंच असेल तर चालत्या गाडीत घाबर!"

डॉक्टरांनी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं होतं. धोका घरातही आहे आणि बाहेरही. ताईंनी बाहेर निवडलं. दतिया, शिवपुरी, पुन्हा पुन्हा ओरछा. कधी मी सोबत, कधी एकट्याच. कुणी त्यांना नेलं नाही. त्या गेल्या.

ओरछ्याहून त्यांना आणलं त्या दिवशी अण्णा म्हणाले, गाडी राहू दे इथेच, कुणीतरी घेऊन जाईल. मी कुणाला काही विचारलं नाही. पुढे शववाहिका आणि मागे मी, झाशी, दतिया, डबरा करत ग्वाल्हेरपर्यंत. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता... बरंच झालं.

गेल्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबले होते. तिघऱ्याच्या धरणावर जायचं मनात होतं, एकटीनंच. तेवढ्यात गल्लीतून मोठ्या जाऊबाई आल्या, अण्णांच्या पत्नी. ज्यांनी आजवर देवळात जातानाही अण्णांना विचारलं, त्या हातात पिशवी घेऊन सरळ मागच्या दारातून आत चढल्या. मागून अण्णा, अनवाणी.

"कुठं चाललीस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तिघऱ्याला," जाऊबाई म्हणाल्या; आदल्या रात्री मी त्यांच्यापाशी सहज बोलून गेले होते.

"परत कधी?"

"पाणी आवडलं तर उद्या."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोर रस्त्याकडे पाहत होते. जाऊबाईंनी स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं, कुंदाताईंच्या गादीवर हात फिरवला, चपला काढल्या आणि भर सकाळी, नवरा काचेबाहेर उभा असताना, पाय लांब करून आडव्या झाल्या. इतक्या वर्षांत त्यांना दिवसा आडवं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"चल," त्या म्हणाल्या.